बारा टोकांचा बोल्ट

डोंबिवलीत लोकांच्या घरी जाऊन गाड्या दुरुस्त करतो, त्याला अठरा वर्षं झाली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उचलायची लिफ्ट नसते. जॅक, उचललेली गाडी टेकवायला दोन घोड्या आणि पेटीत असेल तेवढंच सामान. म्हणून गाडी कोणती, साल कोणतं, हे फोनवरच विचारतो. गेल्या महिन्यात तेवढं विचारूनही अडलो.

युरोपीय कंपनीची सेडान, मागच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क बदलायच्या. नुसते पॅड असते तर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिनांचे बोल्ट काढून भागतं. डिस्क बाहेर यायची तर कॅलिपरची ब्रॅकेटही उतरवावी लागते, आणि तिचे बोल्ट मागच्या बाजूने, हात जेमतेम जाईल अशा जागेत. गाडीमालक काकांचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. आदल्या रविवारी त्याने स्वतः प्रयत्न केला होता. डावीकडच्या वरच्या बोल्टात स्टारचं बिट, म्हणजे पान्याचं चांदणीच्या आकाराचं टोक, सटकलं. "नको तिथे हात घालतो," काका त्याच्यासमोरच मला म्हणाले. मुलगा उजेडाला बॅटरी धरून गप्प उभा.

बोल्टाच्या खाचेत ब्रेकची काळी धूळ घट्ट बसलेली. अशा वेळी डोळ्याला सगळंच स्टार दिसतं. टोच्याने खरवडलं, पेट्रोलने धुतलं, तरी त्या अंधारात नीट कळेना. काकूंकडून कणकेची गोळी मागितली, तेल लावून खाचेत दाबली आणि अलगद ओढली. टोकं मोजली: बारा. स्टारला सहा असतात. हा ट्रिपल स्क्वेअर, म्हणजे तीन चौकोन एकमेकांवर 30-30 अंशांत फिरवून ठेवल्यासारखी खाच, प्रत्येक टोक 90 अंशांचं. त्यात स्टार जवळपास बसतो, आणि घात तिथेच होतो: जोर लावला की टोकं खाऊन टाकतो.

या खाचेचं लहान बिट माझ्याकडे होतं, हे लागत होतं 14 नंबरचं. डोंबिवलीत चार दुकानं फिरलो. "बारा टोकांचं" म्हटलं की लोक बारा कोनी गोटी, म्हणजे सॉकेट, पुढे करतात. ती षटकोनी डोक्यावर बाहेरून बसते, इथे तिचा काय उपयोग? बोल्ट बघायचा नाही, पाना आधी काढायचा, ही सवय दुकानात आहे तशी आमच्या धंद्यातही आहे. शेवटी लोकलने मस्जिदला उतरून मुंबईतला हत्यारांचा बाजार, नागदेवी स्ट्रीट, गाठली. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने मोबाइलवरचा कणकेचा फोटो बघितला आणि एक शब्द न बोलता बिट काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी तीन बोल्ट सहज सुटले. चौथ्यात रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरलेलं होतं. बिट तळाला टेकेपर्यंत हातोडीने ठोकलं, लांब दांडा लावला आणि झटका न देता एकसारखा जोर देत राहिलो. कट्ट आवाज झाला आणि फिरला. पुढचं काम ओळखीचं. मागच्या कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, हँडब्रेकची यंत्रणा त्यातच असल्याने फिरवत फिरवत आत घ्यावा लागतो. बोल्ट चारही नवे टाकले.

काढलेला तो चौथा बोल्ट उजेडात धरला. आतले स्टारचे ओरखडे ताजे, चकाकणारे. पण डोक्याच्या कडेवर छिन्नीचे तीन घाव होते आणि त्यांवर जुना गंज. कोणीतरी पूर्वीच छिन्नी मारून हा बोल्ट फिरवला होता आणि तोच परत आवळला होता. उलट पोराने बिट सटकताच हात थांबवला होता. थांबणं आमच्यातल्या कितीतरी जणांना जमत नाही.

हे घाव मला पहिल्याच दिवशी बोटाला लागले होते. काकांना सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, हिशेब करताना. मुलगा तेव्हा कॉलेजला गेलेला. काका म्हणाले, "असेल. तरी त्याने हात लावायला नको होता."

दुसऱ्या गॅरेजची उणीदुणी गिऱ्हाइकासमोर काढायची नाहीत, असं माझ्या उस्तादांनी शिकवलंय. आजवर ते पाळलं. पण त्या दिवशी, पोरगा बॅटरी धरून समोर उभा असताना, मी बोलायला हवं होतं.