शिरोरेषेपर्यंत पाणी

२६ जुलै २००५ ला बाबा दुपारी चारच्या सुमारास कालिन्याच्या ऑफिसातून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घाटकोपरला घरी पोचले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. मधली रात्र त्यांनी कुर्ल्यात एका अनोळखी इमारतीच्या जिन्यावर काढली. दर पावसाळ्यात आमच्याकडे ही हकीकत निघतेच. गेल्या वर्षी दादरच्या टायपोग्राफीच्या, म्हणजे अक्षररचनेच्या, वर्गात शेवटचं काम म्हणून मासिकाचं एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) रचायचं ठरलं, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही. बाबांना बोलतं केलं, फोनवर रेकॉर्ड केलं आणि रविवारी बसून उतरवून काढलं. नऊशेच्या आसपास शब्द भरले.

मी बँकेत नोकरी करते. वर्ग शनिवारी संध्याकाळी असायचा. पहिला दीड महिना सरांनी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही, हातात बोरूची लेखणी दिली. देवनागरीसाठी बोरूचा काप रोमनच्या उलट्या बाजूला तिरका असतो, हे मला तिथे कळलं. म्हणूनच आपल्या अक्षरात जाड-बारीक वेगळ्या जागी येतं. ‘क’चं पोट आणि ‘अ’ची वळणं गिरवून बोटं दुखायची, पण त्यानंतर बसच्या पाट्यांपासून औषधाच्या वेष्टनांपर्यंत सगळीकडे डोळे अक्षरावर थांबायला लागले. सर एक वाक्य सारखं म्हणायचे, “रोमन अक्षर जमिनीवर उभं असतं. आपलं अक्षर वरून लोंबतं. मोजायचं ते वरून.”

त्यांच्याच सांगण्यावरून दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन जुने अंक चाळले. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तकंही बघितली. शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे सुट्या ओतीव अक्षरांवर, छापलेल्या त्या पानांतली जोडाक्षरं इतकी गच्च आणि तरी इतकी स्वच्छ आहेत, की मी एकाच पानाकडे बराच वेळ बघत राहिले. उकार, वेलांटी, रफार, अनुस्वार या सगळ्यांना जागा देऊन ओळ सरळ ठेवायची म्हणजे हे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचं काम किती नाजूक असेल!

मग इनडिझाइन हे पानं रचायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि मजकूर टाकला, तर जोडाक्षरं फुटलेली. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर, पाय मोडलेली अक्षरं जागोजागी. उपाय साधा होता: परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडायचा आणि भाषा मराठी करायची. माझी एक अख्खी रात्र त्यात गेली. कुणी सुरुवात करत असेल तर हे आधी करावं. मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घेतला. त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत, हिंदीचे नाहीत. मला हा फरक लहान वाटत नाही. शाळेत ज्या वळणाचा ‘ल’ गिरवला तोच छापलेला दिसला पाहिजे.

पहिली प्रिंट काढली तेव्हा अक्षर १० पॉइंट आणि ओळीची चाल, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, १२ पॉइंट ठेवली होती. इंग्रजीच्या धड्यांमध्ये अक्षराच्या १२० टक्के हेच माप सांगतात. वरच्या ओळीतल्या ‘वळून’चा उकार खालच्या ओळीतल्या ‘कुर्ल्या’च्या रफारात घुसला. आपल्याकडे वरही मात्रा आणि खालीही, त्यामुळे हे माप पुरतच नाही. ११ वर १७ केल्यावर पानात हवा आली. दुसरी अडचण स्तंभाची. बेचाळीस मिलिमीटरचे अरुंद स्तंभ करून दोन्ही कडा सारख्या केल्या होत्या. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘रस्त्यावरच्यांनासुद्धा’ एकटाच ओळ खातो आणि उरलेल्या ओळीत शब्दांमध्ये खड्डे पडतात. स्तंभ रुंद केले, उजवी कड मोकळी सोडली. वाचताना अडखळणं थांबलं.

इथवर पान नीटनेटकं झालं होतं, पण त्यात तो पाऊस नव्हता.

मथळ्यासाठी मी आधी मोदक हा फॉन्ट घेतला. फुगलेली, टम्म अक्षरं, आतल्या पोकळ्या जेमतेम फटीएवढ्या. पाण्याने फुगल्यासारखी दिसतील असं वाटलं. मग अक्षरांना लाटांसारखं वाकवलं, निळा रंग दिला, खाली सावली दिली. सरांनी प्रिंट उलटी करून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “हे पाण्याचं चित्र झालं. अक्षरानं स्वतः काय केलं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या शनिवारी घरी येताना फार वाईट वाटत होतं.

रात्री बाबांचं बोलणं पुन्हा ऐकलं. त्यांच्या सांगण्यात पाण्याचं एकही माप फुटात नाही. कालिन्याहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडला लागले तेव्हा घोट्याएवढं, पुढे गुडघाभर, मिठी नदी जवळ आली तसं कमरेइतकं, आणि एका ठिकाणी छातीला. चार शब्द वहीत लिहिले. एरवी आपण शब्द लिहून झाला की वर रेघ ओढतो. त्या रात्री मी बोरूने आधी लांबच लांब रेघ ओढली आणि तिच्याखाली ‘छाती’ लिहिलं. रेघ म्हणजे पाण्याची पातळी, अक्षर पाण्याखाली. आणि ‘छाती’ची वेलांटी तेवढी पाण्याबाहेर. बाबा डोक्यावर बॅग धरून चालले होते, तशी.

मग बाकीचे शब्द याच नजरेने बघितले. ‘घोटा’ची मात्रा वर येते. ‘कंबर’वर एकच टिंब तरंगतं. ‘गुडघा’वर काहीच नाही, तो रेघेखाली पुरता बुडतो. हे मी ठरवलेलं नव्हतं, लिपीतच होतं. माझ्या अंगावर काटा आला.

जोडपानावर चार पातळ्या आखल्या. डावीकडे सगळ्यात खाली ‘घोटा’, उजवीकडे सगळ्यात वर ‘छाती’. शब्द मुक्ता फॉन्टच्या सगळ्यात जाड वजनात, कारण त्याची शिरोरेषा सपाट आणि ठाम आहे. तिच्याच जाडीची पट्टी शब्दाच्या दोन्ही बाजूंना ओढली. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं सुटी करतात तसं एकदा करून बघितलं, तर शिरोरेषेचे तुकडे झाले आणि पाणीच संपलं. लगेच मागे घेतलं. बाबांचा मजकूर रेघेच्या वर, प्रत्येक स्तंभ पाण्याला टेकतो तिथे थांबतो. त्यामुळे उजवीकडे जाताना स्तंभ आखूड होत जातात, शेवटच्यात सात ओळी उरतात. निळा रंग काढून टाकला. सगळं काळं.

सरांनी या वेळी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग ‘कंबर’कडे बोट दाखवून म्हणाले, “अगं, हा घडीत अडकतोय. दोन सेंटिमीटर डावीकडे घे.” बस, एवढंच.

छपाईत एक घोळ झाला. फोर्टमधल्या दुकानात दोन पानं दोन वेगळ्या कागदांवर छापली, आणि मधून जाणारी रेघ घडीपाशी दीडेक मिलिमीटर खालीवर झाली. इतर कुठल्या पानावर हे खपलं असतं, इथे पाणीच तुटलं. अंकाच्या अगदी मधल्या जागी जोडपान घेतलं, म्हणजे एकाच ए-थ्री कागदावर दोन्ही पानं येतात. मग रेघ अखंड राहिली.

बाबांनी चष्मा लावून सगळं वाचलं. उजव्या पानावर आले तेव्हा कागद थोडा लांब धरला, परत जवळ घेतला. जिन्यावर त्यांच्याबरोबर ऑफिसातले एक सहकारी होते, त्यांना पाठवायला आणखी एक प्रत हवी म्हणाले. “पण फोटोखालचं अक्षर फार बारीक आहे गं,” असंही म्हणाले. ते साडेसात पॉइंटचं होतं. नऊ केलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर दोन प्रती काढून आणल्या.