तारुण्य नक्की कधी संपतं?

तारुण्य कधी संपतं असं कुणालाही विचारा, माणूस स्वतःच्या वयात दहाएक वर्षं मिळवून उत्तर देतो. तिशीतला म्हणतो चाळीस, चाळिशीतला म्हणतो हल्ली पन्नाशी म्हणजे काहीच नाही हो. मीही तसाच.

संयुक्त राष्ट्रसंघाला मात्र असली दयामाया नाही. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय युवा वर्षाच्या निमित्ताने त्यांनी ठरवून टाकलंय, आकडेवारीसाठी तरुण म्हणजे १५ ते २४. त्या हिशोबाने माझं तारुण्य संपलं तेव्हा मला साधी नोकरीसुद्धा लागली नव्हती!

शरीराचं विचाराल तर ते कुणाला न सांगताच आवरायला घेतं. हाडं तिशीच्या आसपास भरायची तेवढी भरतात, पुढे हळूहळू खर्चच. कानांचंही तेच, पोरांना ऐकू येणारे अगदी बारीक, १७ हजार हर्ट्झच्या वरचे आवाज मोठ्यांपैकी बहुतेकांना ऐकूच येत नाहीत आणि जे ऐकूच येत नाही ते गेलं हे कळणार कसं. डोळ्यांची गंमत तर अजून वेगळी, आतलं भिंग लहानपणापासूनच कडक होत जातं, १० वर्षांच्या पोराला नाकापासून ७-८ सेंटीमीटरवरचं अक्षर स्पष्ट दिसतं आणि तिथून ते अंतर वाढतच जातं, फक्त आपल्याला पत्ता लागतो चाळिशी उलटल्यावर, हात पुरेनासा झाला की. मी बरेच दिवस मोबाईलचे फॉन्ट वाढवून वेळ मारून नेली.

पण खरं सांगू का, यातल्या कशानेच मला म्हातारं वाटलं नव्हतं. ते झालं अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी. साधंच ऑपरेशन, तासाभरात घरी. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला आणि मी सवयीने अण्णांकडे बघितलं, कारण आमच्याकडे सह्या तेच करतात, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून. तर ते डोळ्यात औषध घालून डोळे मिटून गप्प बसलेले, आणि ती मुलगी म्हणते काका, तुम्हीच करा ना. सगळे नियम बारीक अक्षरात, मला वाचता येईनात, अण्णांना तर त्याहून येईनात. केली सही. नात्याच्या रकान्यात 'मुलगा' लिहिलं तेव्हा जरा हसूच आलं, एवढा बाप्या मुलगा.

तेव्हा वाटलं की आपल्या वर कुणीतरी आहे, चुकलं तर ते निस्तरतील, हा जो भरवसा असतो ना तेच तारुण्य. कुणाचा तो विशीतच जातो बिचाऱ्यांचा, परिस्थितीच तशी असते. मला तो चांगला लांबवर पुरला, तक्रार काहीच नाही.

आणि फायदेही आहेत की. लोक काय म्हणतील याचं टेन्शन जवळपास संपलंय, एखाद्या कार्यक्रमाला नाही जायचं तर सरळ नाही म्हणतो, कारणं रचत बसत नाही. गुडघ्यांबद्दल मात्र पुन्हा कधीतरी लिहीन, तो मोठा विषय आहे.

शेवटी चष्मा करायला टाकलाच. दुकानात मी एक निळी, जरा मॉडर्न फ्रेम उचलली तर लेक म्हणाली, "बाबा ती नको ना, तरुण दिसायला धडपडतोयस असं वाटतं." घेतली तरीपण.