झोपाळ्याची फळी: 2.92 घनफूट सागवान आणि पाच खिळे

पुण्यात धायरीच्या गाळ्यात आम्ही चौघं लाकूडकाम करतो. भाडं वाटून, मशिनं वाटून, आणि गेल्या महिन्यापासून खरेदीची वहीही एकच. वही आली ती भांडणातून. शनिवारी सकाळी 120 नंबरचा पॉलिश पेपर संपलेला असायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्याने आणला असेल. आता जो शेवटचा कागद फाडेल त्याने वहीत लिहायचं. फेविकॉलच्या डब्यावर मार्करने लाल रेघ मारली आहे. गोंद रेघेखाली गेला की तेही लिहायचं. सध्या तरी चाललंय.

माझं काम झोपाळ्याचं. साडेचार फूट लांब, वीस इंच रुंद फळी, सागवानाचीच हवी. नवीन सागाचे भाव विचारून झाले आणि मग पाय आपोआप भवानी पेठेकडे वळले. टिंबर मार्केटच्या आसपास पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणारे बसतात. तुळया, खांब, चौकटी, कुठे कुठे चुन्याचे पोपडे अजून चिकटलेले.

मला दोन तुळया आवडल्या. जाडी 6 बाय 5 इंच, लांबी आठ फूट. विक्रेता म्हणाला, "साहेब, वाड्याचा माल आहे. आता ह्यातलं पाणी कधीच गेलंय." एवढं मात्र त्याचं खरं निघालं. खिशातून मॉइश्चर मीटर काढून टोचला तर 11 टक्के. शेजारच्याच वखारीत नवीन फळीला 17 दाखवत होता. पावसाळ्यात हा आकडा वर सरकणार, पण अकरावरून सुरुवात केलेली कधीही बरी.

तुळईचं भिंतीत गेलेलं टोक मात्र नीट बघा. ओल तिथेच लागते, वाळवीही तिथूनच शिरते. माझ्या दोन्ही तुळयांचं एकेक फूट बोटाने चुरा होत होतं. ते मापातून वगळायला लावलं, त्यावरून दहा मिनिटं गेली. मग हिशोब झाला: 6 गुणिले 5 भागिले 144 गुणिले 7, म्हणजे एका तुळईचं 1.46 घनफूट. दोघींचं मिळून 2.92. भाव घनफुटाला तीन हजारांच्या आतबाहेर. छोटा हत्ती करून माल गाळ्यावर आणला आणि रात्री घरी "स्वस्तात मिळालं" असं सांगूनही टाकलं.

ती घाई झाली.

आरावाल्याने तुळया बघितल्या आणि सरळ सांगितलं, खिळे काढून आणा, पातं तुटलं तर पैसे तुम्ही द्यायचे. त्याचं काय चुकलं? मग रविवारचा अख्खा दिवस खिळे शोधण्यात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून तुळईवरून फिरवलं, त्यात तीन सापडले. चौथा काळ्या डागामुळे कळला; लोखंडाभोवती साग काळवंडतो, त्यामुळे डाग दिसला की थांबायचं. हे चारही ठोकीव, चौकोनी अंगाचे, वरून डोकं कधीच गंजून गेलेलं. पक्कड धरायला काही उरलेलंच नसतं. भोवतीने पटाशीने खळगा करायचा आणि मग मागेपुढे हलवत काढायचा. एकेकाला वीस मिनिटं लागली. चौथा निघताना असा काही करकरला की शेजारच्या गाळ्यातले मिस्त्री बघायला आले. "घोड्याचा दात काढताय का?" म्हणाले.

पाचवा खिळा आम्हाला सापडलाच नाही. तो रंधा मशीनला सापडला. खट्ट आवाज, आणि 82 मिलीमीटरच्या पात्याच्या धारेला ज्वारीच्या दाण्याएवढी खांडी. आता प्रत्येक फेरीला लाकडावर एक बारीक उंच रेघ उठते. पात्यांची नवी जोडी वहीत "उपभोग्य" सदरात लिहिली. तिघांचं म्हणणं, ती "ज्याचा खिळा त्याचा खर्च" सदरात जायला हवी. हे सदर अजून उघडलेलं नाही.

आता खरा हिशोब. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; पाच इंच जाडी म्हणजे 40 सूत. बाहेरच्या दोन बाजूंनी खराब थर काढताना 2-2 सूत गेलं, उरले 36. तीन फळ्या पाडायच्या म्हणजे आऱ्याचे दोन छेद, दीड-दीड सूत धरा, उरले 33. एका फळीला 11, आणि दोन्हीकडून रंधून झाल्यावर 9. मला दीड इंच, म्हणजे 12 सूत, हवं होतं. घेताना हे गणित केलं असतं तर 6 इंचाची बाजू उभी धरून दोनच जाड फळ्या काढल्या असत्या. सहा फळ्यांपैकी एकीला तीन फूट कीड निघाली, ती तेवढी गेली. 2.92 मधून हातात आलं साधारण 1.6 घनफूट. म्हणजे माझा खरा भाव घनफुटाला साडेपाच हजारांच्या आसपास पडला, आणि त्यात पातं, कटाई, टेम्पो नाही. जुना साग घेणाऱ्याने निम्मा माल गेलाच असं धरूनच घासाघीस करावी.

तरीही रंधल्यावर जो रंग आणि वास आला, त्यापुढे काही बोलवत नाही.

बाकीची खरेदी रविवार पेठेत, बोहरी आळीत. पॉलिश पेपर 80, 120, 180 आणि 220. जुना साग तेलकट असल्याने 80 चा कागद पाच मिनिटांत भरतो, त्यामुळे 80 चे दुप्पट घ्या, 220 चे निम्मे. पितळी स्क्रू डझनभर. ते सागात थेट पिळले तर मान मोडते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करायची, काढायचा, मग मेण लावून पितळी. पॉलिशला चपडा लाख आणि स्पिरिट. लिटरला 200 ग्रॅम भिजवली आणि बाटलीवर तारीख घातली. जुनं द्रावण नीट वाळत नाही, चिकटच राहतं, हे मागच्या दिवाळीत पाटावर शिकून झालंय.

वर्कबेंचसाठी 18 मिलीमीटरचं प्लायही घेतलं होतं, त्यावर आयएस 710 चा शिक्का. ह्या दर्जाच्या प्लायने उकळत्या पाण्यात 72 तास टिकायला हवं. दुकानाचं नाव घेत नाही. छोटा तुकडा कापून आईच्या जुन्या कुकरात चार तास उकळला, तर खारीसारखे पदर सुटले. दुकानदार म्हणतो, "प्लाय कुणी शिजवून बघतं का?" उरलेली शीट परत घेतली, कापलेल्या तुकड्याचे पैसे वजा करून.

फळ्या आता काड्या घालून रचून ठेवल्यात, वर दोन सिमेंटचे ब्लॉक. दोन आठवड्यांनी परत मीटर टोचणार. हलल्या नाहीत तर कडा थिनरने पुसून चार फळ्या चिकटवायच्या. मोठे क्लॅम्प तीनच आहेत, पाच लागतील. वहीत लिहिलंय. पितळी कड्या अजून घ्यायच्यात, आणि घरातल्या छतात हूक बसेल का, हे त्याआधी बघायला हवं.