बिल फ्रिझेलची गिटार आणि वरातीतली क्लॅरिनेट

अमेरिकन जॅझ गिटारवादक बिल फ्रिझेलचा ‘हॅव अ लिटल फेथ’ हा अल्बम (ध्वनिमुद्रण १९९२) ऐकायला सुरुवात अमेरिकन संगीतकार सूझाच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट मार्च’पासून करा. जळगाव-धुळ्याच्या वरातीत क्लॅरिनेट ऐकलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटेल. मूळ चाल १८८९ची, लष्करी बँडसाठी. इथे वाजवणारे फक्त पाच: गिटार, डॉन बायरनची क्लॅरिनेट, गाय क्लुसेव्हसेकचं अकॉर्डियन, बास आणि ड्रम्स. फ्रिझेल स्वतः लहानपणी क्लॅरिनेट शिकलेला, म्हणून त्याची गिटार फुंकल्यासारखी वाजते, असं मला ठामपणे वाटतं.

संगीतकार कोपलंडचं बॅले संगीत, गायक मडी वॉटर्सचा ब्लूज, बॉब डिलन, मॅडोना, सगळं एकाच अल्बममध्ये! मॅडोनाचं ‘लिव्ह टू टेल’ तर कमाल आहे. चाल आधी साधी, मग हळूहळू तापत जाते.

फ्रिझेलसारखा सूर काढायचा असेल तर गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा आणि लगेच करंगळीने नॉब उघडा. नॉब आधी उघडला तर छेडल्याचा ‘टक्’ ऐकू येतो, फार उशीर केला तर तार विझलेली असते. नॉबऐवजी पायाने दाबायचं व्हॉल्यूम पेडल वापरत असाल तर ते डिलेच्या, म्हणजे प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राच्या, आधी जोडा. नंतर जोडलंत तर पेडल मिटताच प्रतिध्वनीही तुटतो. डिले ४०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, प्रतिध्वनी दोन-तीनच.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात गिटार पत्र्याखाली ठेवू नका. तारा तापून उतरतात, मग अकॉर्डियनशी सूर जुळत नाही. अकॉर्डियन काही ऐनवेळी सुरात लावता येत नाही.