सीबरी कागद : आधी सॅम्युएल कोणता ते ठरवा

मंडळी, सीबरी घराण्याच्या कागदांचं काम या खेपेला बरंच पुढे सरकलं. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चला (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या तिथल्या चर्चला) या एका घराण्याने सलग पाच पिढ्या पाळक दिले. थोरले सॅम्युएल (१७०६–१७६४), त्यांचे चिरंजीव बिशप सॅम्युएल (१७२९–१७९६), मग चार्ल्स, चार्ल्स यांचे सॅम्युएल (१८०१–१८७२) आणि त्यांचे विल्यम जोन्स (१८३७–१९१६). विल्यम जोन्स यांच्या मुलाचं नाव पुन्हा सॅम्युएलच, पण ते न्यायाधीश झाले. न्यूयॉर्कचे महापौर जिमी वॉकर यांना १९३२ साली ज्या चौकशीमुळे पायउतार व्हावं लागलं, ती चौकशी चालवणारे हेच.

थोडक्यात, चार सॅम्युएल. कागद हातात आला की मजकुराच्या आधी एवढंच पाहायचं : हा कोणता?

सगळ्यात अवघड काळ १७५७ ते १७६४. थोरले लाँग आयलंडवर हेम्पस्टेडला आणि मुलगा तिथेच जवळ जमेका गावाला (कॅरिबियन बेट नव्हे). दोघेही एसपीजी या लंडनच्या मिशनरी संस्थेच्या पगारावर, दोघेही त्याच संस्थेच्या सचिवाला पत्रं लिहिणारे, आणि दोघांचीही सही ‘सॅम्युएल सीबरी’. इथे अक्षरावर भिस्त ठेवू नका. पत्राच्या माथ्यावरचं गावाचं नाव आधी बघा. ते फाटलं किंवा पुसलं असेल, तर पत्रातले आकडे कामी येतात. मिशनऱ्यांना ठरावीक मुदतीने संस्थेला तक्ता पाठवावा लागे : वस्ती किती, बाप्तिस्मे किती, प्रभुभोजन घेणारे किती, इतर पंथांचे किती. तारीख पक्की असलेल्या दोन पत्रांमधले आकडे शेजारी मांडले की मधलं बेवारशी पत्र कोणत्या गावचं, याचा चांगला अंदाज येतो. माझ्या मते हे तक्ते म्हणजे या संग्रहातलं सर्वात मोलाचं धन आहे. लोक मात्र ते ओलांडून थेट राजकारणाच्या पत्रांकडे धावतात.

राजकारणही मोठं आहे, यात शंका नाही. १७७४-७५ मध्ये बिशप सीबरींनी (तेव्हा ते वेस्टचेस्टरचे पाळक होते) ‘वेस्टचेस्टरचा शेतकरी’ या नावाने राजाच्या बाजूने पत्रकं काढली. त्यांना उत्तर देणारा कोवळा पोरगा म्हणजे पुढे अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री झालेला अलेक्झांडर हॅमिल्टन. नोव्हेंबर १७७५ मध्ये सीबरींना पकडून न्यू हेवनला कैदेत ठेवण्यात आलं.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपत आलं तेव्हा, २५ मार्च १७८३ रोजी, कनेक्टिकटचे दहा पाळक वुडबरीला जमले आणि पुढे त्यांच्या वतीने बिशपपदाच्या दीक्षेसाठी सीबरी इंग्लंडला गेले. तिथे गाडं अडलं : राजनिष्ठेची शपथ घेतल्याशिवाय दीक्षा नाही, आणि ते तर आता परक्या देशाचे. अखेर १४ नोव्हेंबर १७८४ रोजी अ‍ॅबर्डीनमध्ये किल्गोर, पेट्री आणि स्किनर या तीन स्कॉटिश बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. स्कॉटलंडचं हे चर्च सरकारी नव्हतं, त्यामुळे शपथेची अट आड आली नाही.

आपल्याला या दिवसाचा फायदा असा, की सही बदलते. आडनाव गळतं आणि नुसतं ‘सॅम्युएल, बीपी. कनेक्ट.’ (म्हणजे कनेक्टिकटचा बिशप) एवढंच उरतं. अशी सही दिसली की कागद १७८४ नंतरचा, हे डोळे झाकून लिहा.

तारखांबद्दल एक सूचना. १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांवर बऱ्याचदा १७३२/३ असं जोडसाल दिसतं. उतरवताना ते जसंच्या तसं ठेवा, आपलं साल कंसात द्या. मोडी वाचणाऱ्यांना शक, फसली आणि इसवी यांची सवय आहेच. त्यांना हे जड जाणार नाही.

चार्ल्स यांचा माग सोपा आहे. आधी कनेक्टिकटमधलं न्यू लंडन, १८१४ पासून लाँग आयलंडवरचं सेटॉकेट. त्यांच्या मुलाचं मात्र जपून वाचावं लागतं. या सॅम्युएल यांनी १८६१ साली गुलामगिरीचं समर्थन करणारं पुस्तक छापलं. वाचताना मन विटतं. तरी तो भाग मी बाजूला ठेवणार नाही. घराण्याचे कागद लावायचे तर सगळेच लावायचे. शिवाय एक लक्षात घ्या : बिशपांचं चरित्र १९०८ साली लिहिलं ते विल्यम जोन्स यांनी, म्हणजे पणतवाने. घरच्या माणसाने काय छापलं आणि काय गाळलं, हे मूळ कागदाशी ताडल्याशिवाय छापील उतारा प्रमाण धरू नये.

बिशपांचे बरेचसे कागद न्यूयॉर्कच्या जनरल थिऑलॉजिकल सेमिनरीकडे आहेत, तर एसपीजीचं दफ्तर ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. ही संस्था पुढे अहमदनगर-कोल्हापूरकडेही काम करत होती, त्यामुळे आपल्याकडचे कागदही त्याच दफ्तरात आहेत. तिकडे कुणी काम करत असेल तर जरूर कळवा, तक्त्यांचे रकाने जुळवून पाहू.

पुढच्या टप्प्यात जमेकाचे तक्ते घेतोय. हेम्पस्टेडची यादी कुणाला तपासून द्यायची असेल, तर १७५७ पासून सुरुवात करा.