आमची वाटचाल: सुळका तोच

कॅलिफोर्नियातल्या बरबँकला दुकान टाकलं ते जुन्या चित्रपटांच्या १६ मिलिमीटरच्या रिळांच्या भरवशावर. एक जुना साठा लिलावात मिळाला, त्यात काउबॉयपटांचे डबेच्या डबे. तासाभराचे, घाईघाईत उरकलेले चित्रपट; घोड्यांचे पाठलागसुद्धा कधीकधी आधीच्याच एखाद्या चित्रपटातून उचललेले. जॉन वेनला १९३९ मध्ये मोठं नाव मिळालं, पण त्याआधी १९३३ ते १९३५ मध्ये त्यानं लोन स्टार या छोट्या चित्रपट कंपनीसाठी असे १६ चित्रपट केले होते. मला वाटलं, घबाड लागलं!

कसलं घबाड! तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानं कॉपीराइट २८ वर्षांनी पुन्हा नोंदवावा लागे. छोट्या कंपन्यांच्या कितीतरी चित्रपटांचा नोंदवलाच गेला नाही, आणि ते कुणीही विकावेत असे झाले. आधी डॉलरच्या डीव्हीड्या, मग इंटरनेटवर फुकट. रिळं धूळ खात पडली, भाडं मात्र वेळेवर चढत होतं.

तारलं ते कागदानं. ११ बाय १४ इंचांची लॉबी कार्डं, म्हणजे थिएटरच्या दर्शनी भागात लावायची चित्रपटातल्या दृश्यांची कार्डं, सहसा आठांचा संच. खेळ संपला की पुढच्या गावी जाणारी. टाचणीची भोकं असतातच. पोस्टरं तर घड्या घालूनच पाठवत, त्यामुळे घडी हा दोष नाही. (मी एकदा घरच्या इस्त्रीनं घडी मोडायला गेलो होतो. किती नुकसान झालं ते बायकोलाही सांगितलेलं नाही.)

सगळ्यात महागडा धडा एका अक्षराचा. १९४० नंतरच्या बऱ्याच पोस्टरांवर खालच्या कोपऱ्यात नॅशनल स्क्रीन सर्व्हिसचा, म्हणजे थिएटरांना पोस्टरं पुरवणाऱ्या कंपनीचा, आकडा असतो: आधी साल, मग क्रमांक. सालाच्या आधी इंग्रजी 'आर' असला, तर ते फेरप्रदर्शनाचं पोस्टर, मूळ प्रदर्शनाचं नव्हे. माझ्या नजरेतून तो सुटला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं भिंग लावून दाखवला आणि शांतपणे पैसे परत मागितले. दिले. आता तेच गृहस्थ आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक आहेत.

दर ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्याच लोन पाइन गावच्या चित्रपट महोत्सवाला टेबल लावतो. गावामागेच अलाबामा हिल्सचे गोल गोल खडक. हॉपअलाँग कॅसिडी या पडद्यावरच्या काउबॉयचे कितीतरी चित्रपट तिथलेच. गिऱ्हाइकं कार्ड हातात धरून उन्हात त्या दृश्यातला दगड शोधत फिरतात. कथेबद्दल कुणी चकार शब्द बोलत नाही. गेल्या वर्षी हेच भिंगवाले धापा टाकत टेबलाशी आले. कार्डातला उजवीकडचा सुळका त्यांना सापडला होता, तिसऱ्या खेपेला.

मी टेबलाखालून दुसरं कार्ड काढलं. चित्रपट वेगळा, हिरो वेगळा, सुळका तोच. त्यांनी किंमतही विचारली नाही. आधी भिंग काढलं.