स्टेनलेसकडून निकेलकडे : आमची वाटचाल

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत १९९६ साली आम्ही शेड घेतली, तेव्हा आमच्याकडे एक रेडियल ड्रिल, एक जुने प्लेट रोलिंग मशीन, दोन वेल्डिंग सेट आणि मामा होते. मामा म्हणजे आमचे पहिले वेल्डर आणि कागदावर कधीही न आलेले भागीदार. पुढची बरीच वर्षे ३०४ आणि ३१६एल या स्टेनलेसच्या प्रकारांच्या टाक्या, जॅकेटेड व्हेसल (बाहेरून दुसरे कवच असलेली भांडी) व कंडेन्सर (वाफ थंड करून तिचे द्रव करणारी नळ्यांची यंत्रे) बनवण्यात गेली. काम येत होते, पैसे उशिरा का होईना मिळत होते. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

निकेलच्या मिश्रधातूंकडे आम्हाला वळवले ते लोटे-परशुरामच्या एका रसायन कारखान्यातील मेंटेनन्सच्या साहेबांनी. त्यांच्या ३१६एल कंडेन्सरच्या नळ्या वारंवार गळत होत्या आणि प्रत्येक वेळी बनवणाऱ्याच्या वेल्डिंगवर ठपका येत होता. त्यांनी गळक्या नळीचा एक तुकडा आमच्याकडे आणला. जाडी मोजली तर नवीन नळीइतकीच भरली. मग डीपी टेस्ट (लाल रंग चिरांत मुरवून वर डेव्हलपर नावाची पांढरी भुकटी मारण्याची तपासणी) केली, तेव्हा पांढऱ्या डेव्हलपरवर पिंपळाच्या पानातील शिरांसारख्या फाटे फुटलेल्या लाल रेषा उमटल्या. नळी झिजली नव्हती, तडकली होती. कूलिंग टॉवरच्या पाण्यातील क्लोराइड ट्यूबशीटमागच्या (नळ्यांची टोके ज्या भोकांच्या प्लेटमध्ये बसतात तिच्यामागच्या) फटीत साठत जाते, नळी एक्स्पांड करताना (भोकात फुगवून घट्ट बसवताना) धातूत ताण उरलेला असतोच, आणि त्यात तापमान साधारण ६० अंशांच्या वर गेले की ३०४ काय आणि ३१६ काय, दोघांनाही हा धोका असतो. विशेष म्हणजे ज्या ८ ते १० टक्के निकेलमुळे या स्टेनलेसला वाकण्याचा आणि वेल्ड होण्याचा गुण मिळतो, त्याच प्रमाणाच्या आसपास ते या तडकण्याला सर्वांत लवकर बळी पडते. निकेल ४० टक्क्यांच्या पुढे गेले की हा त्रास व्यवहारात जवळजवळ संपतो. सी-२७६ या निकेलच्या मिश्रधातूमध्ये निकेल सुमारे ५७ टक्के, मॉलिब्डेनम १५ ते १७ टक्के आणि क्रोमियम १६ टक्क्यांच्या आत-बाहेर असते, म्हणून ओलसर क्लोराइडमध्ये, हायड्रोक्लोरिक ॲसिडाचा अंश असतानाही, ते तग धरते. साहेबांनी त्यांच्या व्यवस्थापनाशी भांडून आमच्यासारख्या छोट्या शेडला सी-२७६ची पहिली ऑर्डर दिली. ते निवृत्त झाले तरी त्यांच्या जागी आलेल्यांना त्यांनी आमचा नंबर देऊन ठेवला होता.

हा धातू स्टेनलेसच्या सवयीने हाताळणाऱ्याला तो लगेच धडा शिकवतो. ट्यूबशीटला भोके पाडताना ड्रिल क्षणभर नुसते घासले, तरी त्या जागी पृष्ठभाग इतका कडक होतो की पुढचे ड्रिल तिथे चावतच नाही. म्हणून फेरे कमी, फीड दमदार, कूलंट मुबलक आणि ड्रिल बोथट होण्याची वाट न पाहता बदललेले, अशी शिस्त आम्ही पाळतो. वेल्डिंगचा पूल स्टेनलेससारखा पसरत नाही. तो जागच्या जागी जाडसर बसतो आणि आत खोल शिरत नाही, त्यामुळे बेव्हल (जोडाच्या कडांचा उतार) रुंद ठेवावा लागतो आणि रॉड जिथे हवा तिथे हाताने नेऊन ठेवावा लागतो. मामा वेल्डिंगच्या दोन पासांमध्ये (थरांमध्ये) जॉब १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय टॉर्च उचलत नसत, मग डिस्पॅचची गाडी दारात उभी असली तरी. जोडाजवळ तेलाचा हात, ऑइल पेंट किंवा साध्या मार्करची खूण दिसली की ते ॲसिटोनने पुसून घेत, कारण त्यांतून आलेले गंधक निकेलशी मिळून सुमारे ६४० अंशांनाच वितळणारा पदार्थ बनवते आणि जोड गरम असतानाच चिरतो. सी-२७६चे ब्रश आणि ग्राइंडिंग व्हील आम्ही वेगळ्या कपाटात कुलपात ठेवतो. पाहुण्यांना याचे हसू येते.

आता २०२२ बद्दल. त्या वर्षी फेब्रुवारीत एका मोठ्या कंपनीकडून, जिचे नाव इथे लिहीत नाही, आम्हाला सी-२७६ कंडेन्सरची ऑर्डर मिळाली. दर पक्का होता, त्यांच्या छापील अटींत दरवाढीला जागाच नव्हती, आणि ॲडव्हान्सच्या बदल्यात आम्ही बँक गॅरंटी दिली होती. प्लेट आली, ट्यूबशीटची भोके पाडून झाली. नळ्यांसाठी मुंबईतील दुर्गादेवी स्ट्रीटच्या एका स्टॉकिस्टने लेखी होकार दिला होता. तेवढ्यात युक्रेनचे युद्ध सुरू झाले, त्यात एका चिनी उत्पादकाचे प्रचंड विक्रीचे सौदे अडकले, आणि ८ मार्चला लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेले. एक्स्चेंजने त्या दिवसाचे सौदे रद्द करून व्यवहार थांबवले ते थेट १६ तारखेपर्यंत. ज्या धातूत निम्म्याहून अधिक निकेल आहे त्याचा दर त्या आठवड्यात सांगायला कोणी तयार नव्हते. आमच्या स्टॉकिस्टने आधी फोन उचलणे बंद केले आणि मग जो नवा दर पाठवला, तो फक्त नळ्यांचा असूनही आमच्या संपूर्ण ऑर्डरच्या रकमेपेक्षा जास्त होता. लंडनमधल्या मोठ्यांचे सौदे एका फटक्यात रद्द होऊ शकले, अंबरनाथच्या छोट्याचा मात्र होऊ शकला नाही, हे मी आजही विसरलेलो नाही.

आम्ही मुदत मागितली. त्याच सुमारास आमच्याच वसाहतीतील एका प्रतिस्पर्ध्याने त्या कंपनीच्या खरेदी विभागात जाऊन दोन गोष्टी सांगितल्या : आमचा कारखाना बंद पडतो आहे, आणि या कामाला सी-२७६ लागतच नाही, ३१६एलच्या जाड भिंतीच्या नळ्या घातल्या की पुरे. पहिली गोष्ट खोटी होती. दुसरी त्याहून वाईट होती, कारण ती ऐकायला शहाणपणाची वाटते. भिंत जाड केल्याने सावकाश झिजणारी नळी जास्त दिवस टिकेल. तडकणाऱ्या नळीला जाडीने फार तर थोडा अवधी मिळतो. मी हे पत्राने कळवले. पत्राला उत्तर आले नाही. ऑर्डर रद्द झाल्याचे आणि बँक गॅरंटी वटवल्याचे मात्र कळले. कॅश क्रेडिट खाते मर्यादेला टेकले, शेडवर कर्ज काढावे लागले, आणि मामांसह जुन्या माणसांनी पगार मागे ठेवले. त्या काळात लोट्याच्या कारखान्याने छोटी छोटी दुरुस्तीची कामे आगाऊ पैसे देऊन पाठवली, म्हणून दिवे चालू राहिले.

आमच्याऐवजी त्या कंपनीने घेतलेला ३१६एलचा तो कंडेन्सर वर्षभरही चालला नाही. तपासणीसाठी बोलावले आम्हालाच, आणि डेव्हलपरवर पुन्हा त्याच रेषा उमटल्या. नंतर निघालेल्या सी-२७६च्या टेंडरमध्ये आमचा दर सर्वांत कमी निघाला, कारण भोके पाडलेली ट्यूबशीट शेडमध्ये ताडपत्रीखाली पडूनच होती. गॅरंटीच्या पैशांचा विषय मी दोनदा काढला. तो मिटिंगच्या टिपणात आला नाही.

कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. निकेल महाग म्हणून श्रेष्ठ, असे समजून सरसकट लावू नये. नायट्रिक ॲसिडला ३०४एल उत्तम चालते आणि तिथे मोनेल ४०० (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) लावणे म्हणजे पैसे बुडवणे आहे. मोनेलची जागा हायड्रोफ्लोरिकजवळ आहे. हॅस्टेलॉय बी-२ (निकेल-मॉलिब्डेनमचा मिश्रधातू) शुद्ध हायड्रोक्लोरिकमध्ये बेजोड, पण त्यात लोहाचे फेरिक क्षार उतरले की ते झपाट्याने खाल्ले जाते, म्हणून प्रोसेसवाल्यांना अशुद्धी विचारल्याशिवाय नाव सुचवू नये. अडचण फक्त कूलिंगच्या पाण्यातील क्लोराइडची असेल तर आधी डुप्लेक्स २२०५ हे स्टेनलेस पाहावे. त्यात निकेल जेमतेम ५ टक्के असते आणि खर्चही बराच वाचतो. माल उतरवताना एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातूतील घटक ओळखणारे हातातले यंत्र) प्रत्येक नळीला लावावी, पण ती कार्बन मोजत नाही, तेव्हा ३१६ आणि ३१६एल यांतला कार्बनचा फरक तिच्यावर सोडू नये; त्यासाठी स्पेक्ट्रोचा (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणाऱ्या यंत्राचा) वेगळा रिपोर्ट मागावा. आणि कोटेशनमध्ये निकेलचा त्या दिवसाचा लंडनचा भाव, तारखेसह, लिहावा. आम्ही तो आता पहिल्याच पानावर छापतो, आणि खरेदी विभाग तो खोडायला सांगतो तेव्हा काम सोडून देतो.